मंजुळा उबाळे लाभार्थी नव्हती

आमच्या ऑफिसात मंजुळा उबाळेला ‘मावशी’ म्हणायचा प्रयत्न प्रत्येक नवा माणूस करायचा आणि एकदाच करायचा. नवा पोरगा लाडात येऊन म्हणायचा, “मावशी, एक कॉफी आणा ना.” मंजुळा जागच्या जागी थांबायची, हातातला फडका खांद्यावर टाकायची आणि विचारायची, “तुझी आई माझी बहीण लागते का? मग मी मावशी कुठनं झाले? मंजुळाताई म्हण, नायतर नुसतं मंजुळा म्हण. नाव आहे मला.” पोरगं कानकोंडं व्हायचं. कॉफी मात्र त्याला मिळायची, आणि चांगली मिळायची, कारण तिचा राग कामावर कधी निघत नसे.

मी सरोज मयेकर. त्याच ऑफिसात प्रशासन विभागात होते, वयानं सगळ्यांत मोठी आणि तोंडानंही. त्यामुळे मंजुळाचं आणि माझं पहिल्या आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं आणि दुसऱ्या आठवड्यात मैत्री झाली. ती कोपरला राहायची. चाळीशी ओलांडलेली, अंगानं बारकी, चालणं मात्र असं की समोरच्यानं बाजूला व्हावं. अकरावीत असताना वडील गेले, धाकटी भावंडं होती, शाळा सुटली. अक्षर मात्र शाळेत सोडून आली नव्हती. कोपरच्या विहारातल्या फळ्यावर सूचना लिहायची असली की अजूनही तिलाच बोलावणं जायचं.

आमची कंपनी परदेशातल्या विमा कंपन्यांचे दावे तपासते. ठाण्यात बाळकुमच्या पुढं काचेची इमारत आहे, तिच्या सातव्या मजल्यावर. मंजुळा आमच्या मजल्याची साफसफाई आणि चहापाणी बघायची, पण ती कंपनीची नव्हती. ती कंत्राटदाराची. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं ह्यातूनच निघाली.

आता कंपनीच्या समाजसेवेबद्दल सांगते. कायम नोकरीतल्या प्रत्येकाला वर्षाला दोन दिवस ‘सामाजिक रजा’ मिळते, पगारी. त्या दिवशी पिवळा टी-शर्ट घालायचा आणि बसमधून पुण्य करायला जायचं. खाडीकाठचं प्लास्टिक उचलायचं. खडवलीला नदीकाठी झाडं लावायची. तिथले खड्डे गाववाले दर वर्षी तेच ठेवायचे, कारण गेल्या वर्षीची झाडं पाण्यावाचून गेलेली असायची. मग फोटो, मग वडापाव, मग परत. मी कुत्सितपणे बोलते आहे असं वाटेल, तर वाटू दे. पण हे सगळं बघणारी संचिता नावाची जी मुलगी होती ती मनापासून राबायची, हेही खरं आहे.

ह्या संचिताला खडवलीच्या झाडांजवळ दीप्ती भेटली. गावातलीच मुलगी, जन्मापासून आंधळी, कल्याणच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. संचिता तिच्याशी गोड बोलायला गेली, तर दीप्ती म्हणाली, “झाडं बास झाली मॅडम. मला परीक्षेला रायटर द्या.” रायटर म्हणजे लेखनिक. आंधळा परीक्षार्थी तोंडानं उत्तर सांगतो आणि लेखनिक ते कागदावर उतरवतो. लेखनिक मिळाला नाही, किंवा धड मिळाला नाही, की अभ्यास कितीही असो, वर्ष फुकट. दीप्तीचं एक वर्ष तसं गेलेलं होतं, आणि आणखी एक गेलं तर घरचे शिक्षण बंद करणार होते. तिला सहा पेपर लिहून देणारं माणूस हवं होतं. बाकी तिचं कंपनीकडं काही मागणं नव्हतं.

संचितानं ऑफिसात ईमेल पाठवला आणि दुपारच्या जेवणाआधी तीस नावं आली. मला खरंच बरं वाटलं. टी-शर्ट छापून आले, पाठीवर लिहिलं होतं, ‘आम्ही त्यांचे हात’. हे दीप्तीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “हात आहेत मला दोन. मला दिसत नाही.” शर्ट छापून झालेले होते, म्हणून तो विषय तिथंच थांबला.

मग कॉलेजनं लेखनिकांच्या शिक्षणाचे दाखले मागवले, आणि तीसच्या तीस नावं परत आली. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी तरी कमी शिकलेला लागतो, म्हणजे त्यानं आपल्या अकलेनं उत्तरं भरू नयेत. आमच्याकडं पदवीशिवाय कुणाला घेतच नाहीत. अर्धे लोक तर दोन दोन पदव्यांचे. जास्त शिकले म्हणून नापास व्हायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि ते भलतेच दुखावले.

संचितानं बैठक बोलावली. विभागप्रमुख विनीत होता, मी होते. संचिता रडवेली होऊन मला विचारत होती, “सरोजताई, आपल्याकडे कमी शिकलेलं कुणीच नाही का हो?” विनीत छताकडं बघत होता. मंजुळा टेबलावरचे कप गोळा करत होती.

“अकरावी चालेल का?” तिनं विचारलं.

आम्ही तिघंही तिच्याकडं बघायला लागलो. रोज समोर असणारं माणूस एकदम दिसलं की असं होतं.

विनीत म्हणाला, “मंजुळा, तीन तास लिहायचं असतं. जमेल तुम्हाला?”

“तुम्हाला जमणार होतं ना? तुम्ही सहीशिवाय हातानं शेवटचं काय लिहिलंत?” असं म्हणून तिनं ट्रे उचलला. “विचारून घ्या कॉलेजला. मी आहे.”

कॉलेजनं हो म्हटलं. दीप्तीनं मात्र लगेच म्हटलं नाही. ती आईबरोबर ऑफिसात आली, पॅन्ट्रीतल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “लिहा.” वीस-पंचवीस मिनिटं तिनं इतिहासाचं एक उत्तर सांगितलं. मंजुळा पदर खोचून लिहीत होती. मग दीप्ती म्हणाली, “आता वाचून दाखवा.” मंजुळानं वाचलं.

“थांबा. ‘त्यामुळे’ हा शब्द मी बोलले नाही.”

“वाक्य लंगडं वाटत होतं, म्हणून मी जोडला,” मंजुळा म्हणाली.

“लंगडं असलं तरी माझं आहे. मागच्या वर्षी अशाच एका मोठ्या ऑफिसातले सर आलेले. माझ्याहून शिकलेले होते, ते त्यांनी लपवलं. त्यांनी माझी सगळी वाक्यं सुधारली आणि हात दुखला तशी निम्मी गाळली. मी नापास झाले आणि त्यांना समाजसेवेचं प्रमाणपत्र मिळालं.”

मंजुळाला असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता ही उसळणार. पण तिनं मुकाट्यानं तो शब्द खोडला. “बरोबर आहे तुझं. नाय जोडणार. पुढं सांग.”

दीप्तीनं जरा वेळानं विचारलं, “तुम्ही भांडता का हो?”

“सगळ्यांशी.”

“मग चालेल. परीक्षेच्या हॉलमध्ये भांडायला लागतं.”

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मंजुळा डबा लवकर संपवायची, कानात वायर घालायची आणि फोनवर दीप्तीचं ऐकत लिहायची. तिचं शुद्धलेखन यथातथाच होतं आणि सुरुवातीला वेगही नव्हता. ‘साम्राज्यवाद’ हा शब्द तिला आठवडाभर छळत होता. पण रोज लिहायची, आणि मग मला धरून तपासून घ्यायची. महिनाभरात दीप्ती बोलेल तेवढ्या वेगानं तिचा हात चालायला लागला.

आता रजा. सहा पेपर म्हणजे कामाचे सहा दिवस. कंत्राटी कामात रजेची एकच रीत असते, सुट्टी हवी तर बदली द्या. बदली म्हणजे आपल्या जागी दिवसभर उभं राहणारं माणूस, आणि ते ज्याचं त्यानं शोधायचं. कंत्राटदाराचा सुपरवायझर साईनाथ, बाळकुमचाच. वाईट माणूस नव्हे. तो मंजुळाला म्हणाला, “मना पन वर जाब देवाला लागतं गो. हजेरीला मानूस पायजे, मंग ते कोन हाय ते मी इचारनार नाय. बदली दे न् जा खुशाल.” पण बाकीच्या बायकांकडं आधीच दोन दोन मजले होते. बदली आणायची कुठून?

मंजुळा सरळ विनीतकडं गेली. संचिता आणि मी तिथंच होतो. “साहेब, ती तुमची सामाजिक रजा मला द्या. काम तुमच्याच योजनेचं आहे.”

“मंजुळा, ती रजा कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. पॉलिसीत बसत नाही.” तो वाईट बोलला नाही. समजावल्यासारखं बोलला, आणि पुढं म्हणाला, “पण टी-शर्ट तुम्हाला नक्की देणार. पेपरच्या दिवशी घाला, फोटो घेऊ.”

“म्हणजे शर्ट घालायला मी कंपनीची आणि सुट्टी मागायला कंत्राटदाराची?”

विनीत लॅपटॉपकडं वळला. मंजुळाच बोलत राहिली. “बरं, रजा नका देऊ. तीस जणांनी नावं दिलेली ना, आम्ही समाजसेवा करतो म्हणून? लिहायचं काम मी करते. त्यांनी माझी बदली द्यावी. सहा दिवस, सहा माणसं. रजा त्यांना आहेच, शर्ट पण आहे.”

संचिताचा चेहरा उतरला, पण पोरगी धीराची. तिनं त्या तीस जणांना तसाच ईमेल पाठवला. सहा दिवसांसाठी मजल्याची साफसफाई आणि चहा करणारे सहा स्वयंसेवक हवेत. उत्तरं काय आली ती मी वाचली आहेत. एकाची पाठ धरली होती. एकीला फिनेलची ॲलर्जी. बऱ्याच जणांना नेमकं त्याच तारखांना काम निघालं. ह्याच लोकांनी खाडीकाठचा कचरा हसत हसत उचलला होता. पण खाडी लांब असते. आपल्या मजल्यावरचा संडास जवळ असतो आणि तो कोण घाण करतं हे साधारण सगळ्यांना माहीत असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

पहिली बदली मी दिली. मला समाजसेवेची हौस नाही, मला संताप आला होता. आदल्या संध्याकाळी मंजुळानं मला शिकवलं. लाल फडका संडासाचा, निळा टेबलांचा, हिरवा पॅन्ट्रीचा, आणि ह्यात अदलाबदल केलीस तर माझ्याशी गाठ आहे, असंही सांगितलं. सकाळी तिचा निळा कोट साडीवर चढवला आणि मॉप घेऊन सुरुवात केली. रोज मला ‘गुड मॉर्निंग सरोजताई’ म्हणणाऱ्या तिघांनी स्क्रीनवरची नजर न हलवता नुसते पाय उचलले. मी त्यांच्या पायांखालून पुसून घेतलं. दुपारपर्यंत कंबर बोलायला लागली आणि ह्या मंजुळाचा मला उगाचच राग आला, की ही बाई हे रोज करून वर भांडायला ताकद कुठून आणते.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज चढलेला, म्हणजे खुशीत होती. “सरोजताई, पूर्ण पेपर लिहिला. एक सर येऊन म्हणाले, आवाज कमी करा, दुसऱ्यांना त्रास होतो. दीप्ती म्हणाली, सर, मी तोंडानंच परीक्षा देते, वेगळी खोली द्या. तर खोली नाय म्हणाले. मग मी उभी राहिले.” पुढचं तिनं सांगितलं नाही, पण खोली मिळाली होती.

दुसऱ्या पेपरला दाव्यांच्या विभागातली समीक्षा आली. तिसऱ्याला संचिता स्वतः. चौथ्याला आणि पाचव्याला दोन मुलगे आले, थोडं लाजत, थोडं थट्टा करत, पण आले, आणि त्यातल्या एकानं नंतर पुरुषांच्या संडासात स्वतःच्या हातानं कागद लावला की पाणी टाकायला हात झिजत नाहीत. मजल्यावर काहीतरी हललं होतं. लोक कप उचलून बेसिनपर्यंत नेऊ लागले. मी फार भाबडी नाही, ते टिकेल असं मला वाटलं नव्हतं, पण बघायला छान वाटत होतं.

सहावा पेपर विद्यापीठानं पुढं ढकलला. असं होतंच. नवी तारीख आली ती नेमकी परदेशी पाहुण्यांच्या भेटीची. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक येणार होतं. विनीतनं सगळ्यांच्या सामाजिक रजा रद्द केल्या आणि साईनाथला बोलावून सांगितलं, “त्या दिवशी बदली-बिदली चालणार नाही. मंजुळाच पाहिजे. मीटिंग रूम तिलाच माहीत आहे.” साईनाथनं तिला तसं कळवलं. नाही आलीस तर ह्या साइटवर परत यायचं नाही, हेही सांगितलं.

संचिता दीप्तीला विचारून बघते म्हणाली, एका पेपरापुरता दुसरा लेखनिक चालेल का. पण मंजुळाचा फोटो लावून परवानगी आलेली होती, ती दोन दिवसांत बदलत नव्हती. दीप्तीनंच फोनवर तसं सांगितलं. पाच पेपर झाले होते, आणि सहावा राहिला तर घरी बसायचं होतं.

विनीतनं मंजुळाला मधल्या वाटेत गाठलं, की तिनं त्याला गाठलं, कोण जाणे. दोन्ही बाजूंना लोक बसलेले. ती म्हणाली, “साहेब, पाहुण्यांना चहा कुणीपण देईल. तिचा पेपर माझ्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकत नाय, कॉलेजचा कागद आहे तसा. मी उद्या कल्याणला जाणार. काढायचं तर काढा. पण मग असं सांगून काढा, की आंधळ्या पोरीचा पेपर लिहायला गेली म्हणून काढली. दुसरं कारण लावायचं नाय.”

ती घर चालवणारी बाई होती. नवऱ्याची रिक्षा कधी चालायची, कधी उभी असायची. लेक कॉलेजात. ही नोकरी जाणं म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, तरी ती तसं बोलली. त्या क्षणी मला ती फार आवडली, आणि तिच्यासाठी भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. मी सकाळी लवकर येऊन तिचा निळा कोट चढवला. विनीत कोट-टायमध्ये धावत आला. “सरोजताई, आज नको प्लीज. कसं दिसेल ते?”

“रजा घेतलेली नाही मी. माझं टेबलावरचं काम संध्याकाळी बसून करीन. चहा कोण देणार आहे? तू देतोस?”

पाहुणे आले. चौघं होते, त्यात एक पांढऱ्या केसांच्या बाई प्रमुख. मी ट्रे घेऊन आत गेले. त्या बाईंनी माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघितलं, निळा कोट बघितला आणि विचारलं, तुम्ही कोणत्या विभागात आहात? मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, प्रशासन विभागात, पण आज एकीच्या जागी काम करते आहे, ती एका अंध मुलीचा पेपर लिहायला गेली आहे. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. विनीत लगेच पुढं सरसावला. आयत्या बिळावर नागोबा कसा येतो ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, हीच आमच्या कंपनीची संस्कृती आहे, आमच्याकडं ज्येष्ठ अधिकारीसुद्धा कमीपणा मानत नाहीत, सगळी योजना आम्ही फार विचारपूर्वक आखली आहे.

“आणि ती लेखनिक? ती तुमचीच कर्मचारी?” बाईंनी विचारलं.

“अर्थात,” विनीत म्हणाला.

मी कपात चहा ओतत होते. मी म्हटलं, “नाही. ती कंत्राटदाराची आहे. तिला रजा मिळत नाही. आज ती इथं नाही, म्हणून उद्यापासून तिला येऊ देणार नाहीत.”

साखर किती, ते मी प्रत्येकाला नीट विचारलं. मग बाहेर आले आणि पॅन्ट्रीत स्टुलावर बसले. पश्चात्ताप अजिबात नव्हता.

मंजुळाला कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सगळीकडून प्रेमाचा पूर लोटला. विनीतनं स्वतः तिला पेपर कसा गेला ते विचारलं. पाहुण्याबाईंनी जाताना तिचं कौतुक लिहून ठेवलं होतं म्हणे. वार्षिक कार्यक्रमात मंजुळाचा सत्कार करायचं ठरलं, ठाण्यात हॉल घेऊन.

सत्काराच्या दोन दिवस आधी संचिता पॅन्ट्रीत आली आणि फ्रीजला टेकून उभी राहिली. कार्यक्रमात दोनच गट होते, ती म्हणाली. एक स्वयंसेवकांचा. त्यात मी, समीक्षा, ती स्वतः आणि ते दोघं मुलगे होतो. दुसरा लाभार्थ्यांचा. मंजुळाचं नाव कंपनीच्या पटावर नाही, त्यामुळे तिला स्वयंसेवक म्हणता येत नव्हतं. तिला दीप्तीबरोबर लाभार्थ्यांत घातलं होतं. भेट म्हणून मिक्सर ठरला होता, आणि पुस्तिकेत दोघींचा फोटो, खाली ‘आमचे लाभार्थी’. संचितानं भांडून बघितलं होतं. तिचे डोळे सुजलेले होते.

मंजुळा ऐकून घेत होती. मग एवढंच म्हणाली, “येते मी कार्यक्रमाला. दीप्तीलापण आण.”

मंजुळा आली ती स्वतःच्या निळ्या साडीत. पहिल्यांदा आम्हा पाच जणांना मानचिन्हं दिली. मी एक दिवस फरशी पुसली होती, आणि टाळ्या वाजत होत्या. मग निवेदकानं लाभार्थी मंजुळा उबाळे आणि लाभार्थी दीप्ती अशी नावं पुकारली. मंजुळा दीप्तीचा हात धरून वर आली. विनीत मिक्सरचा खोका घेऊन उभा होता. तिनं खोका घेतला नाही. ती माइकपाशी गेली.

“माझं नाव मंजुळा उबाळे. मी लाभार्थी नाय,” ती म्हणाली. “मी सहा पेपर लिहिले. ते मी दिलंय, घेतलं नाय. पाच दिवस ह्या लोकांनी माझं काम केलं, सहाव्या दिवशी पुन्हा सरोजताईंनी केलं. त्यांचे उपकार मी मानते, नाव घेऊन मानते. कंपनीनं मला काय दिलं ते मला कुणीतरी सांगा, मग मी लाभार्थी म्हणून फोटो काढते. नायतर माझा फोटो छापायचा नाय.”

दीप्तीनं हातानं चाचपून माइक स्वतःकडं ओढला. “मीपण नाही. परीक्षा मी दिली. मंजुळाताईंनी माझा एक शब्द बदलला नाही, एक शब्द गाळला नाही. ज्याला मदत म्हणतात ना, ती ही.”

दोघी खाली उतरल्या आणि सरळ मागच्या रांगेत जाऊन बसल्या. मिक्सर टेबलावर राहिला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. साफसफाईच्या बायका भिंतीपाशी उभ्या होत्या, त्यांनी वाजवल्या.

सोमवारी साईनाथ पॅन्ट्रीच्या दारात येऊन उभा राहिला. मंजुळाकडं बघणं त्याला जमत नव्हतं. “तुजी साइट बदलली गो. भिवंडीच्या गोदामावर. वरना हुकूम आलाय.” कारण काय विचारलं तर कारण कुणालाच माहीत नव्हतं. विनीतला माहीत नव्हतं, कंत्राटदाराला माहीत नव्हतं. मी त्या दोघांनाही जे बोलायचं ते बोलले, आणि ते इथं छापण्यासारखं नाही. मंजुळानं आपला कप घेतला, फडके धुऊन दोरीवर टाकले आणि मला म्हणाली, “तुम्ही कशाला रडता? मी काय मेले का? भिवंडीला पण माणसंच आहेत.”

दीप्ती पास झाली. चांगल्या गुणांनी नव्हे, पण स्वतःच्या वाक्यांनी पास झाली, असं ती म्हणते. तिनं एम.ए.ला नाव घातलं. संचितानं नोकरी सोडली. मी निवृत्त झाले. कंपनीच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत खाडीचे आणि झाडांचेच फोटो आहेत, मंजुळाचा नाही.

परवा तिचा फोन आला. मागं ट्रकांचा आवाज येत होता, म्हणून ती आणखीनच ओरडून बोलत होती. दीप्तीच्या एम.ए.चा पहिला पेपर सोमवारी आहे, आणि गोदामावरचा सुपरवायझर म्हणतो आहे, बदली दे आणि जा.

“मी त्याला सांगितलं, माझी बदली पेन्शनवाली आहे,” मंजुळा म्हणाली. “गोदाम लांबलचक आहे पण, सरोजताई. कंबर नाय ना दुखणार?”

“दुखू दे,” मी म्हटलं. “सकाळी किती वाजता यायचं तेवढं सांग.”